भट्टीचा हुंकारा

धाकट्याच्या अ‍ॅम्पला सगळे भट्टी म्हणत. नाव त्यानंच ठेवलेलं. बाहेरून पाहावं तर गिटारचा आवाज मोठा करणारं एक जुनं लाकडी खोकं. पुढे कापड ताणलेलं, मागची बाजू उघडी, आणि आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह ओळीनं उभे. बटण दाबलं की ते हळूहळू लाल होत आणि थोड्या वेळानं इतके तापत, की थंडीच्या दिवसांत बँडमधली मंडळी भट्टीच्या पाठीमागे उभी राहून हात शेकून घेत. कार्यक्रम रंगला की म्हणायचे, "आज भट्टी जमली." त्यात कौतुक अ‍ॅम्पचं की स्वतःचं, हे कुणी स्पष्ट करत नसे. वाजवणाऱ्या माणसांना अशा गोष्टी मोघम ठेवायची खोडच असते.

तिच्या आवाजाच्या कीर्तीबद्दल तर विचारूच नका. धाकटा काही फार मोठा वादक नव्हता. हॉटेलं, क्लब, अधूनमधून कुणाच्या रेकॉर्डिंगला बोलावणं, एवढाच त्याचा पसारा. पण भट्टीतून निघालेला त्याचा सूर एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नसे. कुणी म्हणे उबदार, कुणी म्हणे मधात बुडवलेला, एकानं तर तो जुन्या लोकरीसारखा आहे असं सांगितलं; आता लोकर कशी वाजते हे त्याचं त्यालाच माहीत. भट्टीचं लाकूड बुडालेल्या जहाजाचं आहे, व्हॉल्व्ह लष्कराच्या वायरलेसमधले आहेत, अशा वावड्या उठत. पुढच्या तपकिरी कापडावर तर लोकांची फारच श्रद्धा. सगळी करामत त्या विणीत आहे, तसं कापड आता मिळत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटत. ते कापड म्हणजे ड्रमवाल्याच्या पँटचं उरलेलं अस्तर होतं. ताईनंच ते मापानं कापून, कडा दुमडून, खिळे मारून बसवलं होतं. पण तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. माणसं एवढी हौसेनं बोलतायत, तर आपण कशाला मध्ये कडमडायचं?

ताई म्हणजे धाकट्याची थोरली बहीण. तो ताई म्हणायचा म्हणून बँड ताई म्हणू लागला, बँडचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि आता तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणत. रस्त्याकडेच्या तळमजल्यावरच्या एकाच खोलीत तिचं घर आणि दुकान. कपडे ढिले-घट्ट करणं, चेन बदलणं, पँटच्या तळाला दुमड घालणं, हे तिचं काम. नवा कपडा ती शिवत नसे. "नवा शिवणारे पुष्कळ आहेत," ती म्हणायची, "माणसं जाड-बारीक होतात तिथून माझं काम सुरू होतं." बँडचे कोट वर्षानुवर्षं तिच्याच हाताखालून गेलेले. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं प्रेम फिसकटलं, हे तिला कोटाच्या बगलेवरून कळायचं.

धाकट्यानं लग्न केलं नाही, तिचं जमलं नाही. दोघं त्या एका खोलीत मध्ये पडदा लावून राहत होती. तो फार बोलका नव्हता. संध्याकाळी ती मशीनवर बसून दिवसभराची कहाणी सांगे आणि तो पडद्यापलीकडे गिटारच्या तारा बदलता बदलता नुसता हुंकारा भरत असे. हूं. हूं. तेवढ्यावर तिची कहाणी पुढे सरकायची. "अरे, ऐकतोयस का?" असं तिनं मध्येच विचारलं, तर तो शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवी आणि पुन्हा हूं.

कार्यक्रमांना ती बरोबर जायची, सुईदोरा घेऊन. आयत्या वेळी कुणाचं बटण तुटेल याचा नेम नसतो. पण तिचं खरं काम मध्यंतरात असायचं. हॉलचे वॉचमन म्हणजे विजेचे शत्रू. मंडळी चहाला गेली की दिसेल ते बटण बंद करत सुटायचे. भट्टी एकदा गार झाली की पुन्हा तापायला वेळ घेई, आणि दुसऱ्या भागातली पहिली गाणी सर्दी झाल्यासारखी व्हायची. म्हणून सिगरेट ओढायला बाहेर जाताना धाकटा न चुकता सांगे, "ताई, हिला थंड पडू देऊ नकोस हं." मग ताई स्टूल ओढून भट्टीशेजारी पहाऱ्याला बसे. एका वॉचमनशी तर तिची चांगलीच जुंपली होती. शेवटी तो म्हणाला, "बाई, त्यात काय तुमचं बाळ झोपलंय?"

एका सकाळी धाकट्याच्या छातीत दुखायला लागलं. फार नाही. तपासून येतो म्हणाला, चहा घेतला, चपला घातल्या. ती बरोबर निघाली तर नको म्हणाला. तिच्याकडे त्या दिवशी कोटांचा ढीग पडला होता. दारातून वळून त्यानं खोलीच्या कोपऱ्यातल्या भट्टीकडे बोट केलं आणि हसत म्हणाला, "हिला थंड पडू देऊ नकोस हं. संध्याकाळपर्यंत येतोच."

तो आला नाही. शेजारपाजारचे, बँडवाले सगळे येऊन, करायचं ते करून निघून गेले. खोलीत ताई उरली आणि कोपऱ्यात भट्टी. संध्याकाळ झाली तसं तिनं उठून बटण दाबलं.

तेव्हापासून रोज. दिवेलागणीला बटण दाबायचं, झोपताना बंद करायचं. गिटार धाकट्याच्या दोस्तानं नेली होती, त्यामुळे भट्टीतून सूर निघायचा प्रश्नच नव्हता. पण व्हॉल्व्ह लाल व्हायचे, त्या कोपऱ्यातून ऊब यायची आणि थोड्या वेळानं कापडामागून एक बारीक, खालच्या पट्टीतला आवाज सुरू व्हायचा. हूं. सुरुवातीला तो कान देऊन ऐकावा लागे. वर्षं गेली तसा तो भरदार होत गेला. वयात आल्यावर मुलांचा आवाज फुटतो तसंच काहीतरी असणार, असं ताईनं मनाशी ठरवून टाकलं.

आणि ती बोलू लागली. त्यात लाजण्यासारखं काय आहे? ऐकणारं कुणी असलं की माणूस बोलतंच. "आज ते उंच आजोबा आले होते रे. कोट घट्ट करा म्हणाले. घट्ट केला तर म्हणतात, श्वास घेता येत नाही. मी म्हटलं, मग श्वास तरी घ्या नाहीतर ऐट तरी करा." हूं. "कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान बंद झालं." हूं. गिऱ्हाइकं दिवसा यायची, लांबी-रुंदी सांगायची, कपडे घेऊन जायची. त्यांच्याशी ताईचं बोलणं मापाच्या टेपच्या बाहेर जात नसे. खरं बोलणं संध्याकाळी. या जगात ती कुणाची कुणीतरी आहे असं तिला त्याच वेळी वाटे. बाकीचा दिवस ती नुसती दुमड घालणारी बाई होती.

भट्टीची कीर्ती मात्र धाकट्यामागेही कमी झाली नव्हती. उलट वाढली. मेलेल्या माणसाचा सूर जिवंत माणसाच्या सुरापेक्षा गोड होतो, त्यातून तो पुन्हा ऐकायची सोय नसेल तर विचारायलाच नको. आणि म्हणूनच एके दिवशी दुपारी खर्जा दारात उभा राहिला.

खर्जा म्हणजे बँडमधला खालच्या सुरांची बास गिटार वाजवणारा, धाकट्याचा जिवलग. आता केस पिकलेले, गुडघे धरलेले. बरोबर एक गिटारवाली होती. चाळिशीच्या आतली, कामाचं तेवढंच बोलणारी, नखं बोटाबरोबर कापलेली. तिच्या स्वतःच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग चाललं होतं.

"ताई, हिला एक गाणं भट्टीवर वाजवायचंय," खर्जा म्हणाला. "लहानपणी हिनं आपल्या धाकट्याला ऐकलंय. तोच आवाज हवाय म्हणते."

ताईला आनंद झाला. खोटं कशाला बोला, छाती फुगली. तिनं स्टूल पुसलं, बटण दाबलं आणि जुन्या सवयीनं म्हणाली, "थांब हं, तापू दे." व्हॉल्व्ह लाल झाले, हुंकारा सुरू झाला. गिटारवालीनं वायर जोडली आणि एक सूर छेडला.

जे बाहेर आलं ते ऐकून खर्ज्याचा चेहरा पडला. उबदार नाही, गोड नाही. पिचका, दमलेला, शेवटाला फाटत जाणारा आवाज. गिटारवालीनं बटणं फिरवून पाहिली, पुन्हा छेडलं, आणि मग तारांवर तळहात ठेवून गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याचीच ताईला जास्त लाज वाटली.

खर्ज्यानं फोन करून व्हॉल्व्हवाल्याला बोलावलं. जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प दुरुस्त करणारी जी थोडी माणसं अजून उरली होती त्यांतला हा एक. बुटका, गोल, स्वतःच्याच विनोदाला आधी हसणारा. त्यानं पाठीमागे वाकून पाहिलं आणि हसायचं थांबला.

"ताई, हे व्हॉल्व्ह पार संपलेत. रोज कोण वाजवतं हिच्यावर?"

"कोणीच नाही."

"मग चालू कोण ठेवतं?"

"मी. रोज संध्याकाळी."

"अहो पण का?"

ताईनं सांगितलं. धाकटा जाताना काय म्हणाला ते सांगितलं. मग खर्जा हळूच म्हणाला, "अगं ताई, ते तो मध्यंतरापुरतं म्हणायचा. त्या दिवशी दारातून म्हणाला असेल ते गंमत म्हणून. व्हॉल्व्हला आयुष्य असतं. चालू ठेवले की झिजतात ते."

ज्या आवाजासाठी लोक अजून हळहळतात तो जपून ठेवायचा सोडून ताईनं रोज थोडा थोडा जाळून टाकला होता. आणि तोही भावाच्या शब्दाखातर! गंमत तिला कळली नव्हती. तिला मेलं कधी गंमत कळलीच नाही, कुणी काही सांगितलं की ते मापासारखं घ्यायचं, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. तिचे डोळे भरून आले. गिटारवाली घाईघाईनं म्हणाली, "नवे व्हॉल्व्ह मिळतात हो, ताई. बाकीचं सगळं तर जुनंच आहे."

"मिळतात की," व्हॉल्व्हवाला म्हणाला. "घेऊन जातो, झाडून सगळं तपासतो, हिला पहिल्यासारखी करून देतो."

"काहीही करा," ताई म्हणाली. "पण आवाज तोच राहिला पाहिजे."

"आवाज माझ्यावर सोडा, ताई."

दोघांनीही अगदी मनापासून म्हटलं. शब्दही एकच वापरला, आवाज. तो कुठला, हे विचारायची गरज दोघांनाही वाटली नाही.

भट्टी दुरुस्तीला गेली तेवढे दिवस खोली भकास झाली. पण परत येणाऱ्या माणसाची वाट पाहणं वेगळं असतं. ताई त्याला सांगायच्या गोष्टी साठवत राहिली. रेकॉर्डिंगच्या दिवशी खर्जा तिला घ्यायला आला. स्टुडिओत काचेपलीकडे भट्टी ठेवली होती, पुसून लख्ख केलेली, समोर माइक. काचेच्या अलीकडे ताईला खुर्ची दिली होती. व्हॉल्व्हवाला नवरदेवाच्या मामासारखा मिरवत होता. गिटारवालीनं डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली.

तोच. शंकाच नको. सुरुवातीला मऊ, मग जरा जोर दिला की कडेनं भरून येणारा, संपतानाही न तुटणारा. ताईचा जीव भांड्यात पडला. बिघडलं नव्हतं, तिच्या हातून काही कायमचं बिघडलं नव्हतं! खर्जा भिंतीकडे तोंड करून रडत होता. "डोळे मिटले ना, ताई, तर समोर उभा होता गं तो," तो नंतर म्हणाला. सगळे म्हणाले, शेवटी जुन्या मालाची सर नव्याला नाही. लाकूड बघा, कापड बघा. आतला बराचसा माल आठवड्यापूर्वी पुठ्ठ्याच्या डब्यांतून आला होता हे व्हॉल्व्हवाला मघाशी स्वतःच सांगत होता, पण त्याचाही आता त्या लाकडावर विश्वास बसलेला दिसला.

दुपारी भट्टी घरी आली. दिवेलागणीला ताईनं सगळी कामं बाजूला सारली आणि बटण दाबलं. आता नवे व्हॉल्व्ह जपून वापरायचे, रोज अर्धाच तास, असं तिनं ठरवलं होतं. ते लाल झाले. कोपऱ्यातून ऊब आली. तिनं मशीनवर हात ठेवून सुरुवात केली.

"आज खर्जा लहान मुलासारखा रडला रे. एवढा मोठा बाप्या!"

काही नाही.

अजून तापली नसेल, असं म्हणून ती थांबली. मग उठून मागे जाऊन पाहिलं. सगळे व्हॉल्व्ह व्यवस्थित पेटलेले. तिनं खाली बसून कापडाला कान लावला. आत काहीही नव्हतं. रिकाम्या कपाटाला कान लावावा तसं. "ऐकतोयस ना?" तिनं विचारलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी शीळ घालत गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला आपण एका खोलीत एकटीच बोलणारी बाई आहोत हे दिसलं, आणि तिनं तोंड मिटलं.

त्या रात्री ती जेवली नाही. राहून राहून एकच मनात येत होतं. सगळ्यांना धाकटा परत मिळाला होता. खर्ज्याला मिळाला, गिटारवालीला मिळाला, आता गाणं ऐकतील त्या अनोळखी लोकांनाही मिळेल. फक्त तिच्याकडून तो गेला होता, आणि तिनं स्वतः हो म्हणून तो जाऊ दिला होता.

सकाळी तिनं व्हॉल्व्हवाल्याला निरोप धाडला. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला, हसतच. "काय ताई, आवाज कसा आहे? मागे घुरघुर यायची, आठवतं? आतले कॅपॅसिटर वाळून गेले होते. सगळे काढून टाकले. आता कान लावलात तरी टिपूसभर ऐकू येणार नाही."

"ती परत घाला," ताई म्हणाली.

"काय?"

"ती घुरघुर."

तो मोठ्यानं हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "अहो, तो बिघाड होता. लोक तो काढून घ्यायला माझ्याकडे येतात."

"मग माझा मला परत द्या."

जुने कॅपॅसिटर त्यानं केव्हाच कचऱ्यात टाकले होते, आणि असते तरी बसवले नसते. एखाद दिवशी धूर निघाला असता. पण माणूस चांगला होता. थोडा वेळ डोकं खाजवत बसला, मग म्हणाला, "थांबा, जमवू काहीतरी." त्यानं मागे हात घालून एक वायर ढिली केली. भट्टीतून आवाज आला. ताई स्टुलावर सरळ बसली, डोळे मिटले, मान किंचित वाकडी केली. स्टुडिओतल्या मंडळींनीसुद्धा इतक्या बारकाईनं ऐकलं नसेल.

"हा चिरका आहे," ती म्हणाली.

त्यानं वायर बदलली. आता आवाज खाली आला, जाड झाला. ताईनं बराच वेळ ऐकला. मधेच ती हलक्या आवाजात काहीतरी बोलली, आणि थांबून वाट पाहिली. व्हॉल्व्हवाला हातात पक्कड धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आणखी थोडा खाली घेऊ?"

"नको."

"अगदी तसाच वाटतोय की हो मला."

"नाही. हा ऐकत नाही," ताई म्हणाली. "हा आपला नुसताच वाजतोय."

व्हॉल्व्हवाल्यानं आणखी एकदा आत हात घातला, तेव्हा ताईनं त्याच्या मनगटाला धरून तो बाहेर काढला. पोराला विस्तवापासून ओढावं तसा. "राहू दे हो. बंद करा," ती म्हणाली. "माझा भाऊ वारलाय."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं कुणापुढे उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिला ते कुणीतरी दुसऱ्यानंच म्हटल्यासारखं वाटलं. व्हॉल्व्हवाल्याला ते अर्थात ठाऊक होतं. त्यांच्या सगळ्या धंद्याला ठाऊक होतं. त्यानं बटण बंद केलं, पक्कड पिशवीत टाकली, आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर नीट टेकून बसला.

"कधी हो, ताई?" त्यानं विचारलं.

"सकाळी," ताई म्हणाली. "चहा घेऊन गेला होता. मी बरोबर जाणार होते, पण कोट पडले होते ना शिवायला..." आणि मग तिनं ते सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.